वहिनीची कोरडी रांग

आयुष्यभर मी टोमॅटोंचा छळ केला आणि त्याबद्दल कंपनीने मला दर महिन्याला पगार दिला. गावात कुणी विचारलं, "काय आप्पा, यंदा तुमच्या शेतावर पीक कसं?" की मी सांगायचो, "सगळं गेलं. एकूण एक फूल गळालं. झकास झालं!" विचारणारा माणूस दोन पावलं मागे सरकायचा. आमच्या हिला एकीने सल्लासुद्धा दिला होता, की यांना एकदा खोपोलीला डॉक्टरकडे दाखवून आण.

मी एका बियाणे कंपनीच्या संशोधन शेतावर मुकादम होतो. कागदावर माझा हुद्दा 'क्षेत्र पर्यवेक्षक' होता, पण त्या नावाने कुणी हाक मारली तर मीच मागे वळून बघायचो, कोण साहेब आलेत म्हणून. शेत कर्जत-खोपोली रस्त्यावरून आत, खालापूर तालुक्यात. आता जाणता वाचक म्हणेल, टोमॅटो पिकवायचे तर नाशिक आहे, नारायणगाव आहे, खालापुरात काय ठेवलंय? त्याचं उत्तर एकच, ऊन. आम्हाला टोमॅटो पिकवायचेच नव्हते. आम्हाला ते भाजायचे होते.

आणि भाजायला याहून चांगली जागा महाराष्ट्रात नाही. एकीकडे माथेरानचा डोंगर, दुसरीकडे बोरघाट आणि मधल्या कढईत आम्ही. समुद्राचा वारा पनवेलपर्यंत येऊन दमतो आणि घाटावरचा वारा लोणावळ्यालाच चिक्की खात बसतो. एप्रिल लागला की आमच्या बांधावरचे सरडे दोन पायांवर चालायला लागतात, उरलेले दोन गार करायला वर धरतात. एकदा मी जेवणाचा डबा उन्हात विसरलो, तर दुपारी उघडून बघतो तो थंड भाकरी पुन्हा टम्म फुगलेली. यातलं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं ते मे महिन्यात येऊन बघा.

आमच्या शेतावरच्या शास्त्रज्ञ मृणाल मॅडम सोलापूरकडच्या. आल्या आल्या मला म्हणाल्या, "आप्पा, ह्याला ऊन म्हणता होय? आमच्याकडं या एकदा."

मी म्हटलं, "मॅडम, तुमचं ऊन सूर्य मावळला की घरी जातं. आमचं मुक्कामाला राहतं."

त्या हसल्या नाहीत. एकदम गंभीर झाल्या आणि म्हणाल्या, "अगदी तेच पाहिजे आपल्याला." त्या दिवशी मला कळलं, की बाईंबरोबर आपलं जमणार.

बाहेरच्या माणसासाठी आमचा धंदा थोडक्यात सांगतो. टोमॅटोचं झाड उन्हाने सहसा मरत नाही. ते हिरवंगार उभं राहतं, नवी पानं काढतं, फुलंही काढतं. आणि मग ती फुलं देठासकट एकेक करून खाली टाकतं. कारण आतला पराग पोचा निघतो. भात निसवताना पाऊस दगा देऊन गेला की लोंबी कशी ताठ उभी असते, पण दाणा दाबला तर आत नुसती हवा? तसंच. हा पराग भरायला झाडाला रात्रीचा गारवा लागतो. दिवसा कितीही भाजा, रात्री जरा हायसं वाटलं की झाड सावरतं. पण आमच्याकडे घाटाचा कातळ दिवसभर तापतो आणि रात्रभर तेच ऊन परत करत बसतो. त्यात टोमॅटोचा निभाव लागत नाही. उन्हाळे असेच वाढत गेले, तर आज जिथे टोमॅटो मजेत पिकतो तिथल्या रात्रीही उद्या आमच्यासारख्या होतील. मॅडमना त्या उद्याचा टोमॅटो आजच हवा होता.

तसा तापल्या रात्रीत फळ धरणारा एक टोमॅटो होता आमच्याकडे. गावठी, बोराएवढा, जाड सालीचा, आंबट. बाजारात नेला असता तर गिऱ्हाइकाने पोरांना खेळायला गोट्या म्हणून घेतला असता. दुसरीकडे बाजारचा टोमॅटो, लठ्ठ, लालबुंद, देखणा, आणि जरा गरम झालं की अंग टाकणारा. या दोघांचं लग्न लावायचं. पण टोमॅटोच्या फुलात नवरा-नवरी एकाच घरात राहतात, बाहेरच्या स्थळाला वावच नाही. म्हणून कळी उमलायच्या आधी बारीक चिमट्याने ती उघडायची, आतले पुंकेसर अलगद काढून टाकायचे, आणि दुसऱ्या झाडाचा पराग आणून बोटाने टेकवायचा. जोर लागला तर फूल तुटतं, उशीर झाला तर फुलाने घरातच उरकून घेतलेलं असतं. हे काम बायकांच्या बोटांना जमतं. मी एकदा करून बघितलं, तर सकाळभरात एका रांगेच्या सगळ्या वंशाचा निर्वंश केला. मॅडमनी चिमटा काढून घेतला तो परत दिला नाही.

लग्नानंतरची पहिली पिढी सगळी एकसारखी निघते. खरी गंमत तिच्या पोटी येणाऱ्या दुसऱ्या पिढीत, तिथे पत्ते पिसले जातात. उन्हात टिकायचा गुण एकाच जनुकात असता तर मॅडमनी तो चहाच्या सुट्टीत काढला असता. पण तो एकत्र कुटुंबातल्या भावांसारखा वाटलेला असतो. एक जण पराग भरतो, एक जण देठ घट्ट धरून ठेवतो, तिसरा काय करतो ते अजून कुणालाच नीट ठाऊक नाही, पण तो नसला की घर चालत नाही. हे सगळे भाऊ एकाच झाडात जमले, असं झाड शेतभरात एखादंच. शिवाय नवरीबरोबर पाठराखीण यावी तसं बारीक फळ त्या गुणाबरोबर येतं. आणि ही पाठराखीण चार दिवसांत घरी जात नाही. तिला घालवायला पुन्हा पुन्हा मोठ्या फळाशी लग्नं लावावी लागतात. पण आधी ते एक झाड सापडायला हवं. ते कसं शोधायचं? सगळ्यांना भर उन्हाळ्यात उभं करायचं आणि बघायचं, कोण फळ धरतो. बाकीचे गळू द्यायचे. म्हणून म्हटलं, सगळं गेलं की झकास.

आमच्या कामाची कीर्ती कशी पसरायची बघा. नेरळकडचे एक फार्महाऊसवाले गृहस्थ गाडी घेऊन आले. खाली उतरायच्या आधी काच जराशी खाली करून विचारलं, "हे तुमचे उन्हाळी टोमॅटो खाल्ले की माणसाला उन्हाळा बाधत नाही म्हणे?"

मी म्हटलं, "उन्हाळा बाधतो साहेब. फक्त तुमची फुलं गळणार नाहीत."

त्यांनी काच वर केली.

शेतावर बारा-पंधरा बाया होत्या. बऱ्याचशा डोंगराच्या कुशीतल्या ठाकूरवाडीच्या. त्यांची म्होरकी हिरामावशी. तिच्या हातात चिमटा असला की कळीलासुद्धा कळत नसे आपलं काय गेलं ते. मी प्रत्येकीला एकेक रांग नेमून दिली होती. कंपनीच्या हिशेबात रांगांना आकडे होते, पण आम्ही म्हणायचो हिरामावशीची रांग, चंद्राची रांग. बायांना आपापल्या रांगेचा असा अभिमान, की दुसरीचा पदर जरी झाडाला लागला तरी दुपारपर्यंत अबोला.

आणि एक होती आमच्या घरातली, सुगंधावहिनी. माझा थोरला चुलतभाऊ दत्तूदादा, त्याची बायको. दादाची घरामागे छोटी वीटभट्टी. वहिनीला तिथे धूळ बाधायची, म्हणून दादाने तिला माझ्या गळ्यात मारली. तिला दोनच गोष्टी मनापासून यायच्या, बोलणं आणि संध्याकाळचा टेंपो गाठणं. तिच्या रांगेत गवत गुडघ्याएवढं.

"वैनी, गवत काढ की गं जरा."

"आसू दे भावजी. टोमॅटोला सोबत नको का?"

"हिरामावशीची रांग बघ आणि तुझी बघ."

"तिची रांग हाय का देव्हारा? मी काय हितं पूजा घालाया येते?"

कंपनीच्या पुण्यातल्या साहेबांनी मॅडमना बजावलं होतं, दोन उन्हाळे देतो. तापल्या रात्रीत फळ धरणारं झाड दाखवा, नाहीतर शेत बंद. शेत बंद झालं असतं तर मॅडमना दुसरीकडे नोकरी मिळाली असती आणि मला घरी बसून बढाया मारता आल्या असत्या. पण वाडीतल्या बायांचं तसं नव्हतं. आमचं शेत सुरू व्हायच्या आधी भातकापणी झाली की त्या घराला कडी घालून, पोरंबाळं घेऊन, कुठल्या कुठे लांबच्या भट्ट्यांवर बिऱ्हाड न्यायच्या. परत यायच्या त्या पावसाच्या तोंडावर. पोरांची शाळा तेवढ्यात सुटायची ती सुटायचीच. शेत सुरू झाल्यापासून वाडीतल्या घरांना उन्हाळ्यात पहिल्यांदा दिवे लागले होते. हिरामावशीची नात चौथीत होती. मावशी कामाला लागताना दर सकाळी मला विचारायची, "आप्पा, फूल टिकंल ना?" ती फुलाबद्दल विचारत नसे, हे मला कळत होतं.

पहिला उन्हाळा आला आणि चमत्कार झाला. मे महिन्याच्या ऐन भरात हिरामावशीच्या रांगेत झाडाझाडाला फळं! चंद्राच्या रांगेतही. मॅडम आनंदाने वेड्या झाल्या. पुण्याला फोन केला, तिथल्या साहेबांनी पेढे धाडले. आम्ही त्या भरल्या रांगांतून सगळ्यांत लेकुरवाळी झाडं निवडली, त्यांचं बी सोन्यासारखं जपून ठेवलं. वहिनीची रांग अर्थातच ओसाड. टोकाच्या एका झाडाला तेवढी ओंजळभर बारकी, वाकडी फळं होती. हिरामावशीच्या रांगेपुढे ती बघवत नव्हती. मॅडम म्हणाल्या, "काढून टाका ही रांग." काढली.

दुसऱ्या उन्हाळ्यात त्या निवडक बियांची रोपं लावली. मधल्या काळात कंपनीने सुधारणा केली होती, ठिबकच्या नळ्या टाकल्या आणि शेताच्या टोकाचा जुना सिमेंटचा हौद फोडून टाकला. मे आला. फुलं आली, झाडं पिवळीधमक झाली. आणि मग गळायला लागली. रोज सकाळी रांगांखाली पिवळा सडा. हिरामावशीची रांग गेली, चंद्राची गेली, सगळ्या गेल्या. या वेळी मात्र मला 'झकास' म्हणवेना.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मॅडम जांभळीखाली बसल्या होत्या. हातात गळालेल्या फुलांची मूठ. साहेब त्याच आठवड्यात येणार होते. बाया घोळका करून बसलेल्या.

हिरामावशी हळूच पुढे झाली. "मॅडम, रागावू नका, पन येक इचारू?"

"बोला मावशी."

"तुमी त्यो हौद काडलात ना, तितंच घात झाला बगा. आता सांजचं पानी कशानं मारायचं?"

"कसलं पाणी?"

"रोजचं हो. लोटा-लोटा. बुडाला नि पानावर. दिवसभर भाजलेली आसतात बिचारी. फुलावरचं झाड दिवेलागनीला तानेलं ठेवत नाय आमी. तुमी नि आप्पा पत्र्याच्या खोलीत बी बांधत बसायचा ना, तवा आमी घरला जाता जाता गार करून जायाचो."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी जांभळीकडे बघितलं. जांभळीने कुणाकडेच बघितलं नाही.

"सगळ्याजणी?" मॅडमनी विचारलं.

"समद्या!" मावशी अभिमानाने म्हणाली. "मागल्या साली येक दिस चुकवला नाय. चंद्री लगनाला गेलती तर तिची रांग मी भिजवली. म्हनून म्हंते, हौद परत द्या. मंग बगा फळं कशी धरतात ती!"

म्हणजे आमच्या लक्षात काय आलं बघा. उन्हाच्या परीक्षेला आम्ही जी पोरं बसवली होती, ती रोज संध्याकाळी मागच्या दाराने गार सरबत पिऊन येत होती. आणि आम्ही त्यांचा पहिला नंबर काढून पेढे वाटले होते. त्यांत उन्हात टिकणारी किती आणि नुसती लाडावलेली किती, हे आता देवालाही सांगता आलं नसतं. बायांचा तरी काय दोष? झाड वाळताना उघड्या डोळ्यांनी बघत बसायचं, हे शेतकऱ्याच्या लेकीला कुणी शिकवलेलंच नसतं. आम्ही त्यांना फूल कसं उघडायचं ते शिकवलं, झाडाला छळायचं कशासाठी ते सांगायचं राहून गेलं.

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या रडताहेत की हसताहेत, ते कळेना. तेवढ्यात मागून, शेंगा सोलता सोलता, आवाज आला.

"मी नाय हां मारलं पानी."

वहिनी. सगळ्या माना तिकडे वळल्या.

"मला टेंपो गाठायचा आसतो. ह्या बाया झाडांच्या आंगोळी घालत बसायच्या, मी कशापायी थांबू? झाडं काय माज्या म्हायेरची हायत?"

बाया उसळल्या. "बगा, बगा! केवडी कोरडी बाई!"

"म्हनून तर तुजी रांग वसाड पडलीवती गं!"

"पडू दे की. तुमच्या तरी आता कुठं उभ्या हायत?"

मॅडम ताडकन उठल्या. फुलांची मूठ खाली पडली. "वहिनी, तुम्ही गेल्या उन्हाळ्यात एकदाही संध्याकाळचं पाणी मारलं नाही? खरं सांगा."

"शप्पत नाय. हवं तर टेंपोवाल्याला इचारा."

"आप्पा," मॅडम माझ्याकडे वळल्या, "वहिनींच्या रांगेत टोकाला एक झाड होतं ना? बारक्या फळांचं?"

होतं. आणि आता माझ्याही टाळक्यात उजेड पडला. अख्ख्या शेतात परीक्षेला खरीखुरी बसलेली ती एकच रांग होती. तिच्यातलं ते एकच झाड पास झालं होतं. आणि ते आम्ही उपटून खड्ड्यात टाकलं होतं.

"फळं? फळं तरी कुठे गेली त्याची?"

"ती मी नेली," वहिनी म्हणाली. "टाकूनच देनार व्हता ना? वालाच्या आमटीत घातली. चांगली आंबट व्हती."

मॅडम पुन्हा खाली बसल्या. "बियांसकट खाल्लीत?"

"छ्या! आमच्याकडं बी कोन खातो? ह्यांना मुतखडा हाय ना. टोमॅटोचं बी पोटात गेलं की खडा वाडतो म्हंतात. मी पिळून फेकते समदं."

"कुठे फेकता?"

"मागल्या दारी. भट्टीच्या कडंला. भट्टीवरची मानसं हात धुतात ना, तितं." आणि शेंगेचं टरफल फुंकत ती पुढे म्हणाली, "उगावलंय की तितं मोप. रान माजलंय नुसतं. पन आता ऱ्हायाचं नाय. आज विटा भराया टेंपो येनारे, त्यो तितनंच मागं घेतात."

यानंतर माझ्या मोटारसायकलवर पुढे मी, मध्ये मॅडम आणि मागे वहिनी असे आम्ही जे निघालो, ते कर्जत तालुक्याच्या हद्दीत शिरेपर्यंत चाकं रस्त्याला लागली नाहीत. समोरून येणारी एसटी आम्हाला बघून आपण होऊन कडेला झाली. एसटीला असं वागताना मी ना आधी पाहिलं, ना नंतर. वहिनी मागून ओरडत होती, "भावजी, हानून मारताय का आमाला!" आणि लगेच, "आवो जोरात चला की वाईच!"

आम्ही पोचलो तेव्हा टेंपो भट्टीच्या अंगाला लागलेला, मागे मागे येत होता. चाकांपासून चार हातांवर हिरवी झुडपं. मी गाडी थांबवायच्या आत वहिनी उडी मारून पळाली. रोज टेंपो पकडायला धावणारी बाई त्या दिवशी टेंपो अडवायला धावली. पदर खोचून, दोन्ही हात पसरून ती त्याच्या मागे उभी राहिली.

"ए मेल्या! थांब! थांबव!"

ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "काकू, विटा भरायच्यात."

"आदी टेंपो माज्या अंगावरनं ने, मंग झाडावरनं!"

दत्तूदादा टॉवेलने तोंड पुसत बाहेर आला. "काय गं, सोनंबिनं गावलं का काय?"

"तुमच्या मुतखड्यापायी झालंय समदं! तुमी गप ऱ्हावा!"

दादा आजतागायत विचारतो, की माझ्या खड्याने त्या दिवशी नक्की कुणाचं काय बिघडवलं होतं.

मॅडम तोवर झुडपांत शिरल्या होत्या. त्या जागेचं वर्णन काय करू! भट्टी नुकतीच विझलेली, पण अंगातली धग गेलेली नाही. त्या उन्हाळ्यात दादाने तिथे दुसऱ्यांदा भट्टी लावली होती. म्हणजे या झाडांनी फुलं काढली ती दिवसा सूर्याच्या आणि रात्री भट्टीच्या शेकावर. आमच्या शेतावरची रात्र याच्यापुढे माथेरानची. पायथ्याशी हात धुतल्याची ओल, त्यावर ती जगलेली. बहुतेक झुडपांखाली गळालेली फुलं होती. मॅडम एकेक झुडूप बाजूला करत गेल्या आणि भट्टीला अगदी खेटून उभ्या असलेल्या एकापाशी थबकल्या. काजळीने काळं पडलेलं, वेडंवाकडं, पण अंगभर फळं. लिंबाएवढी. हिरवी, पिवळी, दोन-तीन लाल. आणि शेंड्याला ताजी फुलं.

त्यांनी झाडाला हात लावला नाही. भट्टीच्या भिंतीला लावला, आणि चटका बसून मागे घेतला. मग एकदम लहान मुलीसारखं हसल्या.

शेतावर परत येऊन त्यांनी त्या फुलातला पराग काचेवर घेतला, रंगाचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जिवंत परागकण तो रंग पिऊन लाल होतो, पोचा फिकाच राहतो. बाया दारात दाटीवाटीने उभ्या. हिरामावशीने पदराचं टोक दातात धरलेलं. मॅडम काच थोडी थोडी सरकवत होत्या.

शेवटी मीच म्हटलं, "पोचा?"

"भरलाय, आप्पा," त्या म्हणाल्या. डोळा काढलाच नाही त्यांनी. "भरलाय."

साहेब आले तेव्हा आम्ही त्यांना शेतावर नेलंच नाही, सरळ दादाच्या भट्टीवर नेलं. दादाने तेवढी बाजू सोडून दुसरीकडून विटा भरल्या होत्या आणि झाडाभोवती विटांचाच कठडा रचला होता. साहेबांनी नाकाला रुमाल लावून झाड बघितलं, खाली वाकून फुलं बघितली, भट्टीला हात लावून तोही मागे घेतला. "हे वाण कुठून मिळवलंत?" त्यांनी विचारलं. मॅडमनी चाचरत गेल्या उन्हाळ्याचा सगळा पाढा वाचला, सरबतासकट. मला वाटलं, आता संपलं. साहेबांनी रुमाल खिशात ठेवला. मग म्हणाले, "पाणी न मारता पुन्हा करा." एवढंच. शेत राहिलं.

टोमॅटोची फांदी कापून लावली तरी ती मुळं धरते. त्या झाडाच्या फांद्या आणल्या, फळांचं बी धरलं आणि पुढच्या उन्हाळ्यापासून पुन्हा लग्नं लावायला सुरुवात झाली. या वेळी मॅडमनी बायांना बसवून, भाताच्या पोच्या लोंब्या हातात देऊन, सगळं समजावलं. हिरामावशीला पटलं, पण सोसलं नाही. संध्याकाळी घरी जाताना ती रांगेकडे पाठ करून जायची. मी तिला असं जाताना बघायचो आणि माझ्या धंद्याचा मला पहिल्यांदाच जरा राग यायचा. मग बायांनीच एक ठराव केला. आपला हात आपल्याला आवरायचा नाही, तेव्हा राखणीला कुणीतरी दगडाच्या काळजाची बाई हवी. एकमताने सुगंधावहिनी निवडून आली. पाणी न मारण्याची मुकादम! काही न करण्याबद्दल मान मिळालेली आमच्या घराण्यातली ती पहिलीच.

मी निवृत्त झालो तेव्हा फळ अजून लिंबाचं पेरूएवढंसुद्धा झालं नव्हतं. पाठराखीण हटून बसली होती. हे काम असंच चालतं, एक पिढी म्हणजे एक हंगाम, आणि माणसाचे हंगाम मोजकेच असतात. पण यंदाच्या मे महिन्यात मला राहवेना, म्हणून मी शेतावर गेलो. नव्या रांगा बघितल्या आणि टोपी काढली. भर उन्हाळ्यात, त्या आमच्या मुक्कामी उन्हात, मुठीएवढे लाल टोमॅटो. काही झाडांना. सगळ्यांना नाही. पण जिथे पूर्वी शेतभर एक सापडत नव्हतं, तिथे आता रांगेरांगेत पाच-सहा. मॅडम म्हणाल्या, "अजून एक-दोन लग्नं, आप्पा." हिरामावशीची नात आता कर्जतला कॉलेजात जाते. वाडीतल्या एकाही घराला उन्हाळ्यात कडी लागत नाही.

संध्याकाळी मी बांधाच्या झुडपाआड बिडी ओढत बसलो होतो. सूर्य माथेरानच्या मागे गेलेला. बाया निघाल्या. हिरामावशी वाटेत थांबली.

"सुगंधे, कडंच्या रांगेला तरी येक लोटा मारू दे गं."

"हात लाव, मंग बगते तुला."

मावशी पाठ करून निघून गेली. वहिनी एकटी राहिली. तिच्या हातात प्यायच्या पाण्याचा भरलेला लोटा होता. ती रांगेच्या टोकाला एका झाडापाशी वाकली. शेंड्याचं फूल पार मान टाकून बसलं होतं. वहिनीने इकडेतिकडे बघितलं. लोट्याचा हात पुढे झाला, झाडाच्या बुडाशी गेला आणि तिथेच थांबला. ती झाडाला काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही. मग ती चार पावलं मागे सरकली, एक थेंब रांगेत पडणार नाही अशा बेताने, आणि लोटाभर पाणी स्वतःच्या डोक्यावर उपडं केलं. रस्त्यावर हॉर्न वाजला. निथळत्या लुगड्याने ती टेंपोकडे पळाली.

हे निम्मं नाही, पुरतं खरं आहे. मी उठून त्या फुलापाशी गेलो. पाकळ्या वाळून कागदासारख्या झाल्या होत्या. मी हलकेच बोट लावलं, म्हटलं, गळतंय बहुतेक. गळलं नाही. देठ हिरवा, घट्ट. आणि वाळल्या पाकळ्यांच्या आत मोहरीएवढं हिरवं फळ बसलं होतं.